लसणाचा अभाव, चीजचा भाव

नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वर या क्षेत्राचा आणि इटलीतील नेपल्स या बंदराचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न एखाद्या परीक्षेत आला तर बहुतेक विद्यार्थी तो ऑप्शनला टाकतील. तथापि त्याचे उत्तर कागदोपत्री उपलब्ध आहे. युनेस्को या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील जेजू येथे भरलेल्या एकाच बैठकीत कुंभमेळा आणि नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला या दोहोंना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या, म्हणजे दगडविटांत न मोजता येणाऱ्या परंपरांच्या, यादीत स्थान दिले. दर बारा वर्षांनी सिंहस्थात त्र्यंबकच्या कुशावर्त तीर्थावर स्नानाला येणारे आखाडे आणि पिठाची पोळी हवेत भिरकावून झेलणारे आचारी अशा रीतीने एका पंगतीला बसले आणि त्या पंगतीत कुणी कुणाला ओवळे मानल्याची नोंद नाही. त्र्यंबकच्या रस्त्याला लागणाऱ्या ‘शुद्ध शाकाहारी’ पाट्यांवर साउथ इंडियन, पंजाबी आणि चायनीज यांच्या रांगेत इटालियनही येऊन उभे राहिले, ते मात्र या ठरावाचे फळ नव्हे. कारण हॉटेलवाल्यांनी युनेस्कोची वाट पाहिलेली नव्हती.

शाकाहारी इटालियन उपाहारगृह ही संस्था दोन रूपांत आढळते. पहिले रूप सगुण साकार असते, म्हणजे त्याच्या पाटीवरच इटली असते, टेबलावर कापडी रुमाल घडी करून उभा केलेला असतो आणि स्वयंपाकघरात मांसमच्छी शिरत नाही. महाराष्ट्रात या प्रकारात लिटल इटली या उपाहारगृहसाखळीचे नाव आधी घ्यावे लागते, आणि नाशिककरांना ते ठाऊक झाले ते गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या, १९९९ साली स्थापन झालेल्या सुला विनयार्ड्सच्या द्राक्षमळ्यात तिची शाखा चालत असे म्हणून. दुसरे रूप निर्गुण निराकार असते. ते मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर चायनीज आणि ज्यूस यांच्यामध्ये वास करते आणि भक्ताने मागणी केल्यावरच प्रकट होते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांनी ‘सकाळी दर्शन, दुपारी द्राक्षमळा’ असा एकदिवसीय कार्यक्रम रूढ केल्यामुळे या दोन्ही रूपांना भाविकांची वाण पडत नाही. पाप आणि पुण्य एकाच टाकीच्या पेट्रोलमध्ये उरकण्याची सोय फार थोड्या क्षेत्रांना लाभली आहे.

या भाविकवर्गाची रचना समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन कळणार नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधकामास प्रारंभ केलेल्या काळ्या पाषाणाच्या मंदिरात दर्शन घेऊन परतणारे ते दिनचर. आणि नारायण नागबळी या तीन दिवसांच्या विधीसाठी किंवा कालसर्प शांतीसाठी गुरुजींकडे उतरलेले ते मुक्कामी. मुक्कामी यजमानाला विधीच्या काळात कांदा-लसूण वर्ज्य असतो. ज्या जिल्ह्यात लासलगावसारखी कांद्याची बाजारपेठ आहे आणि जिथला कांदा देशभराच्या डोळ्यांत पाणी आणतो, त्याच जिल्ह्यात येऊन कांदा न खाण्याचा संकल्प सोडणे हा वैराग्याचा कळस मानला पाहिजे. त्यातच गुजरातेतून शिर्डी, वणी, त्र्यंबक अशी फेरी करणाऱ्या जैन कुटुंबांची भर पडते. त्यांच्या आहारनियमांत कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, मुळा ही जमिनीखाली वाढणारी कंदमुळेही त्याज्य असतात. तात्पर्य, गिऱ्हाईक टेबलापाशी येते तेव्हा त्याच्या मनात काय खायचे याची यादी नसते. काय खायचे नाही याची मात्र पाठ असते.

अशा टेबलाचे निरीक्षण जवळून केले असता काही गोष्टी नियमितपणे आढळतात. आजोबा, आजी, मुलगा, सून, आत्या आणि दोन नातवंडे असा सात जणांचा संसार दोन टेबले जोडून बसतो. मेनूकार्ड प्रथम आजोबांच्या हाती देण्यात येते, ते त्यावरचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात आणि ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून ते नातवाकडे सोपवतात. नातू सर्वांच्या वतीने गार्लिक ब्रेड मागतो. गार्लिक ब्रेड म्हणजे लोण्यात कालवलेला लसूण लावून भाजलेला पाव. हे नाव कानी पडताच आजी हातातली पाण्याची बाटली खाली ठेवून वेटरकडे पाहतात, आणि हरसूलकडच्या एखाद्या पाड्यावरून कामाला आलेला तो वेटर पेन्सिल कानावरून काढत शांतपणे म्हणतो, “आजी, बिनलसणाचा गार्लिक ब्रेड होऊन जाईल.”

या एका वाक्याने भारतीय तत्त्वज्ञानातील एक अवघड प्रकरण सुलभ होते. वैशेषिक दर्शनात, म्हणजे जगातील यच्चयावत वस्तूंची वर्गवारी करणाऱ्या प्राचीन शास्त्रात, उत्तरकालीन आचार्यांनी अभावाला, म्हणजे नसण्याला, सातवा पदार्थ मानले. त्र्यंबकच्या हॉटेलाने तो पदार्थ मेनूकार्डावर छापून त्याला दर लावला. अभावाचे चार प्रकार सांगितले जातात आणि चारही या पावाच्या एका बशीत दाखवता येतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचे तिचे नसणे तो प्रागभाव; “अजून लसूण लावला नाही, आत सांगून थांबवतो” हे वेटरचे आश्वासन या सदरात मोडते. वस्तू नष्ट झाल्यानंतरचे नसणे तो प्रध्वंसाभाव. पावावरचा लसूण सुरीने खरवडून तोच पाव पुन्हा आणला जातो तेव्हा हा घडतो, आणि त्याचा वास घेऊन आत्या तो ओळखतात. एक वस्तू दुसरी वस्तू नसणे तो अन्योन्याभाव. “हा लसूण नाहीच, हे नुसते फ्लेवरचे बटर आहे” हा गल्ल्यावरच्या मालकांचा युक्तिवाद त्याचे उदाहरण होय. चौथा अत्यंताभाव, म्हणजे त्रिकाळी नसणे. आजींना हवा असतो तो हाच, आणि तो सिद्ध करण्यासाठी तवा वेगळा आहे का, सुरी वेगळी आहे का, असा पुरावा मागितला जातो. पाठशाळेत ज्याला काही महिने लागतात तो विषय इथे सूप येण्यापूर्वी आटोपतो.

पास्त्याच्या बाबतीत मतभेदाचे स्वरूप तात्त्विक नसून राजकीय असते. पास्ता म्हणजे गव्हाच्या रव्याच्या घट्ट कणकेचे निरनिराळ्या आकारांचे तुकडे, आणि तो इकडे मुख्यतः दोन रश्श्यांत मिळतो: टोमॅटोचा तांबडा, आणि दूध-मैदा-लोण्याचा पांढरा. वेटरने “रेड की व्हाइट?” असे विचारताच टेबलाचे दोन तट पडतात, तरुण पिढी तांबड्याच्या बाजूने आणि आम्लपित्तवाले पांढऱ्याच्या बाजूने उभे राहतात, आणि मग दोन्ही एकत्र करून सिद्ध होणाऱ्या गुलाबी रश्श्यावर तडजोड होते. महाराष्ट्राला आघाडी आणि युतीचा प्रदीर्घ अनुभव असल्यामुळे हा रस्सा इथे चटकन रुजला. त्याची चव कुणालाच पूर्णपणे पटत नाही आणि तरीही तो शेवटपर्यंत टिकतो, हे त्याच्या यशाचे गमक आहे.

पास्ता किती शिजवावा याविषयी मात्र तडजोडीला जागा नसते. इटलीत तो ‘अल देन्ते’, म्हणजे दाताखाली किंचित कडक लागेल इतपतच शिजवतात. ज्या टेबलावरच्या निम्म्या मंडळींचे दात रात्री वाटीत काढून ठेवायचे असतात, तिथे हे परिमाण लागू पडत नाही. मराठी घरात अर्धकच्चे अन्न पाहुण्याला वाढणे हा सुगरणपणावरचा डाग समजला जातो, त्यामुळे इथला आचारी पास्ता पूर्ण शिजवतो आणि वर आणखी एक उकळी देतो. त्यावर पहिला घास घेऊन आजी “ही तर वरणफळंच आहेत, नुसती वरणाविना” असा अभिप्राय देतात, आणि या अभिप्रायात कौतुक व निषेध यांचे प्रमाण नक्की किती असते, हे सुनेलाही लग्नानंतर कित्येक वर्षे उलगडत नाही. आजींच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार मात्र आहे. ज्या खपली गव्हाची खीर आणि पुरणपोळी दक्षिण महाराष्ट्रात आवडीने केली जाते, त्याच जातीचा गहू इटलीत ‘फार्रो’ या नावाने शतकानुशतके खाल्ला जात आहे.

यानंतर मुख्य विषय येतो तो चीजचा. लसणाची सर्व बाजूंनी झाडाझडती घेणारे हे टेबल चीजकडे संशयाने पाहत नाही; उलट ‘एक्स्ट्रा चीज’ असे म्हणून त्याचा जादा भाव आनंदाने मोजते. वस्तुस्थिती अशी की इटलीतील नामांकित चीजपैकी पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्यानो, हे युरोपीय नियमांनुसार वासराच्या रेनेटनेच करावे लागते. आणि रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढलेले, दूध साखळवणारे द्रव्य. ते मिळवायचे तर वासरू जिवंत राहत नाही. हा तपशील त्र्यंबकेश्वरी, मंदिरासमोरच्या नंदीच्या ऐकण्यात येईल असा उच्चारणेही अवघड आहे. लसूण ही निरुपद्रवी वनस्पती, तिच्यावर एवढा पहारा. आणि ज्या पदार्थाच्या पूर्वजाने खाटीकखान्याचे दर्शन घेतलेले आहे तो किसणीवरून हिमासारखा सर्वांच्या ताटांवर पडत असता कुणी हूं की चूं करीत नाही.

सुदैवाने येथे धर्म वाचतो, पण तो पथ्यामुळे नव्हे, काटकसरीमुळे वाचतो. आयात पार्मेझान परवडत नाही म्हणून हॉटेलात देशी चीज येते, देशी कारखाने प्राणिजन्य रेनेटऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरतात, आणि वेष्टनावर चौकटीतला हिरवा ठिपका, म्हणजे शाकाहाराची कायद्याने ठरवलेली खूण, छापलेला असतो. यावरून एक सूत्र मांडता येते: जे अस्सल असते ते इथे चालले नसते, आणि जे चालते ते चालते याचे कारणच ते अस्सल नाही. हेच सूत्र पुढच्या पदार्थांनाही लागू पडते. उत्तर इटलीतील ताज्या पास्त्यात अंडे असते, ते इथे नसते. कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांच्या थरांचा तिरामिसू हा गोड पदार्थ अंड्यांवाचून मूळ गावी होत नाही, इथे होतो. पन्ना कोत्ता म्हणजे साय घट्ट करून केलेली खापरी, ती तिकडे हाडाकातड्याच्या जिलेटीनने धरते, इकडे समुद्रशेवाळाच्या आगरआगरने. द्राक्षमळ्यातल्या पेल्यालाही हे सूत्र सुटलेले नाही, कारण युरोपात वाइन नितळ करण्याच्या जुन्या पद्धतींत अंड्याचा पांढरा भाग किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरला जाई. पेला हातात घेऊन फोटो काढणाऱ्या मुलाला मात्र अंड्याची चिंता नसते; तो फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर चुकून जाऊ नये, एवढीच असते.

यातला विरोधाभास असा की इटलीचे जेवण शाकाहारी करण्यासाठी एवढी उलथापालथ करण्याची मुळात गरज नव्हती. शतकानुशतके इटलीतील गरीब शेतकऱ्याच्या ताटात मांस सणासुदीलाच येई आणि एरवी घेवड्याबरोबर शिजवलेला पास्ता, शिळ्या पावाचे भाजी घातलेले सूप, लसूण-तेलात परतलेली स्पॅगेटी यांवर गुजराण चाले. नेपल्समधील मरिनारा नावाचा जुना पिझ्झा तर केवळ टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल यांचा असतो. त्यात चीज नाही, लोणी नाही, दूधसुद्धा नाही. इतका निर्मळ पिझ्झा त्र्यंबकला कुणीही मागवत नाही, कारण त्यात जे आहे ते वर्ज्य आहे आणि जे नाही त्यासाठीच तर लोक पिझ्झा मागवतात. त्याच्या जागी पनीर, मका, सिमला मिरची आणि मुठीने किसलेले चीज घातलेला पिझ्झा येतो. त्याचे आठ तुकडे आणि टेबलावर सात माणसे, असा पेच निर्माण होऊन आठवा तुकडा सर्वांच्या आग्रहापोटी थंड होत पडतो आणि शेवटी सर्वांची भीड मोडून तो आजोबांच्या पोटात जातो. चीजची तार तुटत नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो करारीपणा येतो, तो निवृत्तीपूर्वी कार्यालयात कुणी पाहिलेला नसतो.

‘हे परदेशी खाणे’ अशी तक्रारही याच सुमारास आत्यांकडून नोंदवली जाते आणि ती तपासून पाहणे आवश्यक आहे. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारा भाविक उपवासाला जे खातो त्यात बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा असतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका धरून ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली असून कोलंबसानंतर इकडे आली; आणि गहू, जो या भूमीवर हजारो वर्षे पिकतो आहे, तो उपवासाला चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीच्या बशीइतका संपूर्ण परदेशी पदार्थ मेनूकार्डाच्या इटालियन पानावर शोधून सापडणार नाही. टोमॅटोही अमेरिकेचाच, तो सोळाव्या शतकात इटलीत पोहोचला, आणि त्याच्या सॉसची कृती अंतोनिओ लातिनी या नेपल्समध्ये मुदपाकाची व्यवस्था पाहणाऱ्या कारभाऱ्याने १६९० च्या दशकात छापली तेव्हा तिला ‘स्पॅनिश धाटणीची’ म्हटले. म्हणजे इटालियन लोकांनाही ती परदेशीच वाटत होती. आता पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लागतात आणि भाव पडला की रस्त्यावर ओतले जातात, तेव्हा त्यांचे नागरिकत्व कुणी विचारत नाही.

वनस्पतींच्या नात्यागोत्याचा धागा पुड्यांपाशी संपतो. पिझ्झ्याबरोबर ओरेगानो आणि लाल मिरचीच्या कुटाच्या छोट्या पुड्या येतात. ओरेगानो ही गजऱ्यात ओवल्या जाणाऱ्या मरव्याची सख्खी बहीण, दोघींचे वनस्पतिशास्त्रातील कुळ आणि घराणे एकच. मात्र जी बहीण शतकानुशतके डोक्यावर मिरवते तिला कुणी पिशवीत घालत नाही आणि जी पुडीतून येते तिला सोडत नाही. वेटरने मूठभर पुड्या टेबलावर ठेवल्यापासून बिल येईपर्यंतच्या काळात त्यांतल्या दोन फाडल्या जातात आणि उरलेल्या आत्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, प्रसादाच्या अंगाऱ्याशेजारी, विनासायास स्थलांतर करतात. पुढील कित्येक रविवार त्या घरी बटाट्याच्या काचऱ्यांवर आणि थालीपिठावर पडतात, आणि इटालियन पाककलेचा महाराष्ट्रातील खरा प्रसार हा असा, हॉटेलच्या खर्चाने, होतो.

बिलाच्या वेळी मुलगा आणि आजोबा यांच्यात ते हिसकावण्याची झटापट होते. ती दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या निकालाने संपते, आकड्यात ५ टक्के जीएसटी असल्याचे उच्चरवाने वाचले जाते, बडीशेप आणि खडीसाखर खाल्ली जाते, आणि “एवढ्या पैशात गुरुजींकडे दोन पंगती झाल्या असत्या” असा हिशेब आजी मांडतात. हिशेब बरोबर असतो. पण गुरुजींकडच्या पंगतीत नातवंडे पानावरून उठतात आणि इथे त्यांना उठवावे लागते. पथ्य न मोडता घराबाहेरचे काहीतरी खाल्ल्याचे समाधान हा या जेवणाचा खरा माल असतो, आणि चीज, पास्ता, पिसाच्या कलत्या मनोऱ्याचे भिंतीवरचे चित्र ही त्याची वेष्टने.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. काय खावे, कधी खावे आणि कशाने दोष लागतो याचे निर्णय पूर्वी शास्त्री देत. त्यासाठी कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये निर्णयसिंधु रचला आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधु. या दोन्ही समुद्रांत कितीही बुड्या मारल्या तरी रेनेट, एगलेस केक किंवा बिनलसणाच्या गार्लिक ब्रेडविषयी वचन हाती लागत नाही. शास्त्राने मोकळी सोडलेली ही गादी त्र्यंबकच्या रस्त्यावर त्या पेन्सिलवाल्या वेटरकडे वंशपरंपरेवाचून आली आहे. यजमान चातुर्मासाचा असो, नागबळीचा असो वा जैन असो, त्याची शंका तो पूर्ण ऐकून घेतो, स्वयंपाकघराच्या झडपेकडे एकवार पाहतो आणि निर्णय देतो. पूर्वीच्या निर्णयांत मतमतांतरे असत, पक्ष-प्रतिपक्ष असत, प्रायश्चित्तेही असत. याच्या निर्णयात फक्त ‘होऊन जाईल’ एवढेच असते, आणि त्यावर आजवर कुणी अपील केलेले नाही.